अंगणातले बलुतेदार

बालवाडीच्या कुठल्याही वर्गात जा, भिंतीवर पक्ष्यांचा एक तक्ता हमखास दिसतो. सारख्या मापाचे बारा-पंधरा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक पक्षी. शहामृग, पेंग्विन, मोर, पोपट, हंस, गरुड, चिमणी. बाईंनी पट्टी ठेवली की मुलं एका सुरात नावं म्हणतात. पेंग्विनला तर लांबूनच ओळखतात. मात्र त्याच वर्गाच्या खिडकीबाहेर, विजेच्या तारेवर, दुभंगलेल्या शेपटीचा एक काळा कुळकुळीत पक्षी बसलेला असतो. 'हा कोण?' असं विचारलं, तर निम्मा वर्ग 'कावळा' म्हणतो आणि उरलेला निम्मा बाईंच्या तोंडाकडे बघतो.

तक्ता आणखी एक गंमत करतो. सगळे चौकोन सारखे, त्यामुळे शहामृग आणि चिमणी एकाच मापाचे होऊन बसतात. प्रत्यक्षात शहामृगाचं एक अंडंच जवळपास दीड किलो भरतं आणि आपली अख्खी चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची. म्हणजे एका अंड्याच्या वजनात पन्नासेक चिमण्या बसतील! पण हे तक्त्यावरून मुलाला कसं कळावं? लहान मुलांना पक्ष्यांची ओळख करून द्यायची, तर सुरुवात भिंतीवरून करू नये, खिडकीतून करावी.

आता कविता लिहिणारा माणूस पक्ष्यांबद्दल काय सांगणार, असं कुणी म्हणेल. मी पक्षितज्ज्ञ नाही, हे खरंच. पण शब्द हे माझं भांडवल आहे. आणि आपल्या मराठीनं पक्ष्यांना जी नावं दिली आहेत, त्यांतच निम्मं पक्षिशास्त्र भरून ठेवलं आहे. मुलांना शिकवायला याहून चांगलं पाठ्यपुस्तक शोधून सापडायचं नाही.

नावांकडे वळण्याआधी एक मूलभूत प्रश्न. पक्षी म्हणजे कोण? मुलं म्हणतात, 'जो उडतो तो.' मग विचारा, वटवाघूळ उडतं, ते पक्षी आहे का? फुलपाखरू उडतं, ते? आणि शहामृग तर उडत नाही, त्याचं काय? मुलं गोंधळतात आणि गोंधळली की विचार करू लागतात. खरी खूण आहे पिसं. आज पृथ्वीवर पिसं फक्त पक्ष्यांना आहेत. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, ते पिल्लांना दूध पाजतं, म्हणून ते आपल्या गोतावळ्यातलं. शहामृग आणि पेंग्विन यांना पिसं आहेत, म्हणून ते न उडताही पक्षी. अंगणात पडलेलं एखादं पीस मुलाला दाखवा, फुंकर मारून उडवायला सांगा. किती हलकं, तरी किती चिवट! मग हात मात्र साबणानं धुवायला लावा.

पिसांबरोबर आणखी तीन-चार गोष्टी सहज सांगता येतात. पक्ष्याला दात नसतात. मग दाणा चावतो कसा? चावत नाहीच. चोचीनं उचलून गिळतो आणि त्याच्या पोटात एक स्नायूंची जाड पिशवी असते, ती तो दाणा भरडते. दाणे खाणारे पक्षी बारीक खडेही गिळतात, ते याच कामासाठी. म्हणजे आजीचं जातं पक्ष्यानं पोटातच बसवून घेतलं आहे. त्याची बरीचशी हाडं आतून पोकळ असतात, त्यामुळे अंगाचा भार कमी होतो. त्याला घाम येत नाही, म्हणून वैशाखातल्या दुपारी कावळा चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतो. आणि त्याचा गुडघा आपल्या उलट वाकतो असं जे वाटतं, तो गुडघा नव्हेच, तो घोटा! खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे ऐकल्यावर मुलं चवड्यांवर चालून बघतात. बघू द्यावं. पक्षी तसाच चालतो.

आता खिडकीतून बघू. पक्षी ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे माप. सेंटिमीटरचे आकडे लहान मुलाच्या कामाचे नाहीत. त्याला चार मापं द्या. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार. हे चार पक्षी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत नि शहरांत दिसतात. नवा पक्षी दिसला की विचारायचं, चिमणीएवढा की मोठा? साळुंकीपेक्षा लहान की कावळ्याएवढा? जाणकार माणसंही असंच करतात. डॉ. सलीम अली यांच्या १९४१ साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरच्या प्रसिद्ध पुस्तकात पक्ष्यांचा आकार असाच ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून सांगितला आहे.

दुसरी पायरी चोच. चोच हे पक्ष्याचं हत्यार. त्याचा हातही तोच. चिमणीची चोच आखूड नि जाड, दाणे फोडायला. पोपटाची बाकदार, अडकित्त्यासारखी. घारीची टोकाला वाकलेली, मांस फाडायला. खंड्याची लांब, सरळ, टोकदार. बदकाची चपटी, चिखलपाणी गाळून घेणारी. आणि फुलांवर येणारा तो इवलासा शिंजीर, त्याची चोच बारीक आणि बाकदार, मध शोषायला. मुलाच्या समोर स्वयंपाकघरातला चिमटा, अडकित्ता, गाळणी आणि सरबताची नळी मांडा आणि कुठलं हत्यार कुणाचं, ते त्यालाच जुळवू द्या. अर्ध्या तासाचा हा खेळ मूल विसरत नाही.

तिसरी पायरी पाय. चिमणीची तीन बोटं पुढे, एक मागे. पोपट, सुतार आणि कोकीळ यांची दोन पुढे, दोन मागे. बदकाच्या बोटांमध्ये पडदा, वल्हं मारायला. तळ्यातल्या कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब, की अंगाचा भार पसरतो आणि तो तरंगत्या पानांवरून न बुडता चालतो. माप, चोच, पाय एवढं बघायची सवय लागली, की रंग आपोआप लक्षात राहतो.

आणि मग येतात नावं. आपल्या जुन्या गावगाड्यात बलुतेदार असत. कोण बलुतेदार नि कोण अलुतेदार, याच्या याद्या गावोगाव वेगळ्या. आपण त्या वादात न पडता सगळ्यांना बलुतेदारच म्हणू. तर हा अख्खा गावगाडा मराठी माणसानं पक्ष्यांत वसवला आहे.

शिंपी बघा. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोकं तांबूस, शेपटी उभी. झुडपाची पानं चोचीनं टोचतो आणि कोळ्याचं जाळं किंवा कापसाचे तंतू ओवून ती शिवतो. त्या पिशवीत त्याचं घरटं. नाव कळलं की काम कळलं. सुतार खोडावर उभा राहून चोचीची पटाशी चालवतो. कडक शेपटी खोडाला टेकवतो, जणू तिसरा पाय. त्याची जीभ इतकी लांब असते, की तिचा आधार कवटीला मागून वळसा घालतो. सालीखालचा किडा तो तिनंच ओढतो. त्यानं कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट किंवा साळुंकी राहायला येतात. म्हणजे सुतार घरं बांधतो आणि भाडेकरू दुसरेच!

परीट, म्हणजे धोबी, पाणवठ्यावर शेपटी सारखी वरखाली आपटत फिरतो. तांबट तर पानांत दिसतही नाही, फक्त त्याचं 'टुक् टुक् टुक्' भर दुपारी ऐकू येतं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं. इथे एक अडचण येते. आजच्या मुलानं तांबट कुठे पाहिला आहे? तेव्हा पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीची गोष्ट सांगावी लागते. पक्ष्याच्या निमित्तानं एक कारागीर मुलाला भेटतो. खाटीक नावाचा पक्षी टोळ, सरडे पकडतो आणि बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. मुलं 'ई' करतात, पण नाव विसरत नाहीत.

आणि तारेवरचा तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी? तो कोतवाल. घरट्याजवळ कावळा किंवा घार फिरकली तर हा एवढासा पक्षी त्यांच्यावर तुटून पडतो, पार हाकलून देतो. त्याच्या धाकामुळे इतर लहान पक्षी त्याच झाडाच्या आसऱ्यानं घरटी बांधतात. कोतवालाच्या चावडीशेजारी कोण राहणार नाही?

काही नावं आवाजावरून पडली. कावळा 'काव' म्हणतो, टिटवी 'टिटिव् टिटिव्' करते. पावशा पावसाच्या तोंडावर ओरडतो आणि शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येतं. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हुप्प्या 'हूप हूप' करतो. आमच्या घरात त्याला हुदहुद म्हणत. हजरत सुलेमान यांच्या कथेत दूरदेशीची खबर घेऊन येणारा पक्षी तो हाच. अरबीतलं हे नावही त्याच्या आवाजावरूनच आलेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या चक्रीवादळाचं नाव हुदहुद होतं, तेव्हा एवढ्या देखण्या जिवाचं नाव वादळाला दिल्याचं मला जरा वाईटच वाटलं. माझ्या लहानपणी प्रत्येक पक्ष्याला दोन नावं होती. घरात चिडिया, शाळेत चिमणी. घरात मैना, शाळेत साळुंकी. त्यानं कधी घोटाळा झाला नाही, उलट एकाच पक्ष्याशी दोनदा ओळख झाली. तुमच्याही घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी नावं असतील. मुलांना तीही सांगा. इंग्रजी नाव शाळा शिकवेलच. घरातलं नाव घरानं सांगितलं नाही, तर ते कुणीच सांगणार नाही.

नावं शिकवतात, तशी कधी कधी फसवतातही. 'कोकिळा गाते' असं आपण सर्रास म्हणतो. 'कुहू' असा लांबवर घुमणारा सूर लावतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज नुसता 'किक् किक्'. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात आणि हुशार म्हणून नावाजलेला कावळा तिचं पिल्लू भरवत राहतो. पावशाही त्याच कुळातला, तो आपली अंडी सातभाईंच्या गळ्यात मारतो. सुगरणीचंही तसंच. नाव बाईचं, पण विणकर असतो नर. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो. गवताची पाती ओढून आणून तो विहिरीवरच्या बाभळीला घरटं टांगतो. ते अर्धं झालं, की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर बिचारा दुसरं विणायला घेतो. मुलींना ही गोष्ट फार आवडते!

चिऊकाऊच्या गोष्टीचंही मूल विचारतंच. कावळ्याचं घर खरंच शेणाचं असतं का? गोष्ट गोष्ट म्हणून सांगावी आणि मग घरटं लांबून दाखवावं. कावळा काटक्यांचं बांधतो, शहरात तारांचे तुकडेही वापरतो. चिमणी भिंतीच्या भोकात गवत, पिसं, चिंध्या कोंबते. मेण कुणाकडेच नसतं. यानं गोष्टीची गोडी कमी होत नाही. मुलाला गोष्ट आणि खरं यांतला फरक कळतो, एवढंच.

दुसरी बाब भीतीची. रात्री टिटवी ओरडली की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अशुभ आहे.' मूल पांघरुणात शिरतं. त्याला कारण सांगा. टिटवी अंडी घालते उघड्या माळावर, खडे-मातीतल्या खळग्यात. झाड नाही, ढोली नाही. कुत्रं, मुंगूस, माणूस कुणीही जवळ आलं, की ती आरडाओरडा करून त्याला दूर न्यायला बघते. त्या ओरडण्यात मरणाची वार्ता नसते, आईची धास्ती असते. घुबडाचंही असंच. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं, जवळजवळ पाऊण वर्तुळ. ते बघून माणसं घाबरली आणि अंधश्रद्धेपायी घुबडं मारू लागली. वास्तविक गव्हाणी घुबडाचं मुख्य अन्न उंदीर. शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदार आहे. लहानपणी बसलेली भीती मोठेपणी दगड होऊन हातात येते. म्हणून ती पाच-सहा वर्षांच्या वयातच काढून टाकायला हवी.

दगडाची गोष्ट निघाली म्हणून सलीम अलींचंच बालपण आठवावं. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? त्यांनी मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना विचारलं. मामांना सांगता आलं नाही. पण त्यांनी मुलाला गप्प बसवलं नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिथले सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड साहेबांनी त्या पोरसवद्या मुलाला पक्षी ओळखून दिला, कपाटांतले जतन केलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढे त्या मुलानं जन्मभर पक्ष्यांचाच अभ्यास केला आणि आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी ठेवली. मला यात सलीम अलींइतकेच मामा महत्त्वाचे वाटतात. 'मला ठाऊक नाही, चल विचारू या,' हे वाक्य प्रत्येक घरात मुलाला ऐकू यायला हवं.

आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी हे काम मराठीतून केलं. पक्ष्यांची गावोगावची नावं त्यांनी जंगलात हिंडून, आदिवासींना विचारून गोळा केली. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळांना याहून चांगलं निमित्त कुठलं?

हे सगळं आता का सांगायचं? भारतात तेराशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. २०२३ साली त्यांच्या स्थितीचा जो देशव्यापी अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि त्यांपैकी १७८ जाती जपण्याला अग्रक्रम द्यायला हवा, असं त्यात म्हटलं होतं. ज्याचं नाव ठाऊक नाही, तो नाहीसा झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आज जी मुलं चार-पाच वर्षांची आहेत, ती मोठी होतील तेव्हा माळ, तळी नि झाडं यांचा निकाल त्यांच्याच हाती असेल.

तेव्हा घरी काय करावं? तीन-चार वर्षांच्या मुलाला पाचच पक्षी दाखवा. चिमणी, कावळा, साळुंकी, पोपट, कबुतर. घाई नको. पाच-सहाव्या वर्षी नर-मादी, चोच, पाय. चिमणीच्या नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, पोपटाच्या नराच्या गळ्यात पट्टा असतो, हे मूल स्वतः शोधून काढतं. सात-आठ वर्षांचं झालं की एक वही द्या. तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करत होता, आणि वेडंवाकडं का होईना, एक चित्र. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारी सोय आता मोबाईलवर आली आहे. ती वापरा, पण आधी मुलाला कान देऊन ऐकू द्या. यंत्रानं नाव पटकन सांगितलं की बघणं तिथंच संपतं.

काही पथ्यंही आहेत. घरट्याला हात लावायचा नाही, अंडी असतील तर जवळून फोटोही नको. उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवायचं आणि ते रोज बदलायचं. दाणे ठेवलेत तर उत्तमच, पण चिमणीची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना आई-बाप अळ्या नि किडे भरवतात. म्हणून अंगणातल्या प्रत्येक झुडपावर औषध फवारू नका. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपले देशी पोपट पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. संक्रांतीला पतंग जरूर उडवा, पण साध्या सुती दोऱ्यावर. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत अडकून राहतो आणि पुढे कितीतरी दिवस पक्ष्यांचे पंख कापत राहतो. मुलाला हे एकदा दाखवलं, की दुकानात तेच म्हणतं, 'हा नको.'

उद्या सकाळी चहाचा कप घेऊन मुलाला जवळ बसवा. दहा मिनिटं, एक खिडकी, एक पक्षी. चिमणीहून मोठा की लहान, चोच कशी, काय करतोय? नाव नाही कळलं तर शेजारच्या आजोबांना विचारा, शाळेतल्या सरांना विचारा. परवा पुन्हा बसा. महिन्याभरात त्या वहीत तीस पानं भरतील, आणि तारेवरच्या कोतवालाला त्या घरात कुणी कावळा म्हणणार नाही.